पाण्याच्या मागावर : राजगड ते रायगड

गडकोट पाहण्याच्या दोन रीती आहेत. चढून जावें, वाऱ्यांत उभें राहावें, चार दिशांच्या डोंगरांचीं नांवें घ्यावीं आणि उतरून यावें, ही पहिली रीत. पडक्या भिंतींस एक प्रश्न विचारावा आणि त्याचें उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या आसपास हिंडावें, ही दुसरी. गेल्या नाताळच्या सुटींत अंधेरीच्या आमच्या शाळेंतील अठरा विद्यार्थी व दोन शिक्षक असे आम्ही वीसजण राजगडाहून तोरण्यावर आणि तोरण्याहून रायगडावर पायीं गेलों, तेव्हां आम्हीं ही दुसरी रीत पत्करली होती. प्रश्न एकच ठरविला होता : "येथें शेंकडों माणसें राहत होतीं, तीं पाणी कोठलें पीत होतीं?"

प्रश्न साधा खरा. परंतु तोटी फिरवितांच पाणी येतें अशा उपनगरांत वाढलेल्या आम्हां मुलांस तो आजवर कधीं सुचला नव्हता. ह्या पांच दिवसांत त्याचें जें उत्तर आम्हांस मिळालें, आणि तें मिळवितांना आमची जी फजिती झाली, तें दोन्ही येथें सांगावयाचें योजिलें आहे.

कान्हेरीची उजळणी

निघण्याच्या आधींच्या रविवारीं आमच्या भूगोलाच्या सरांनीं आम्हांस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीच्या लेण्यांकडे नेलें. लेणीं आमच्यापैकीं बहुतेकांनीं पूर्वीं पाहिलेलीं होतीं. पण तीं मूर्ती व चैत्यगृह पाहण्यासाठीं. त्या दिवशीं सरांनीं मूर्तींकडे पाठ करावयास लावली आणि पायांखालचा कातळ पाहावयास सांगितलें. कातळांत अरुंद पन्हळी खोदलेल्या होत्या. पावसाचें पाणी ह्या पन्हळींतून वाहत जाऊन लेण्यांच्या दाराशीं कोरलेल्या टाक्यांत पडे. शंभरांहून अधिक लेण्यांची ही वसाहत इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झाली आणि पुढें शतकानुशतकें नांदती राहिली, ती ह्या टाक्यांच्या बळावर. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांनीं टाकीं खोदवून दिल्याचे उल्लेख आहेत. मूर्ती घडविणें जसें पुण्याचें, तसेंच टाकें खोदविणेंही त्या काळीं पुण्याचें मानलें जात होतें.

ह्याच टेकड्यांच्या कुशींत पुढें मुंबईकरांसाठीं विहार तलाव १८६० सालीं व तुळशी तलाव १८७९ सालीं बांधून झाला. मुलुंड-घाटकोपरच्या बाजूच्या मुलांस हे तलाव जवळचे, आम्हांस कान्हेरी जवळची. पण युक्ति एकच. चार महिने जें आकाशांतून पडतें, तें आठ महिने पुरवावयाचें. सरांनीं सांगितलें, "राजगडावरही तुम्हांला हेंच पाहावयाचें आहे, फक्त तेथें टेकडीच्या जागीं दुर्ग असेल."

पहिला दिवस : राजगड

पुण्याहून नसरापूरमार्गें आम्ही गुंजवणें गांवीं पोहोंचलों. तेथें आमचे वाटाडे आमची वाट पाहत उभे होते. वय साठीच्या पुढें, अंगांत बंडी, डोक्यास टोपी, पायांत टायरच्या जाड वहाणा. सारा गांव त्यांस मामा म्हणे; आम्हीही मामाच म्हणूं लागलों. ह्या डोंगरांत गुरांच्या वाटा व माणसांच्या वाटा एकमेकींत अशा मिसळलेल्या असतात, कीं नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात. गुरांची वाट गवतापाशीं संपते आणि माणसांची गांवापाशीं. त्यांतील भेद जाणण्यास मामांसारखा माणूस बरोबर लागतो.

चढतांना आमच्यांतील एकानें विचारलें, "मामा, राजवाडा आधीं कीं बालेकिल्ला आधीं?" मामा हंसून म्हणाले, "पोरांनो, आधी पानी दावतो. राजवाडा काय पळून जात न्हाई." सरांनीं त्यांस आमचा प्रश्न सांगितला नव्हता, गडाकडे पाहण्याची त्यांची रीतच ती होती.

चोरदरवाजांतून वाकून आंत शिरतांच समोर पद्मावती तलाव दिसला. भोंवतीं दगडी भिंत, त्या भिंतींतून पाण्याकडे उतरावयास दार. हा तलाव पद्मावती माचीवर आहे. राजगडास पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या असून त्यांच्या मधोमध बालेकिल्ल्याचा उभा खडक आहे. रायगडीं राजधानी नेण्यापूर्वीं शिवाजी महाराजांचें वास्तव्य वर्षानुवर्षें ह्याच गडावर होतें. सईबाईसाहेब ५ सप्टेंबर १६५९ रोजीं येथेंच निवर्तल्या व राजाराम महाराज २४ फेब्रुवारी १६७० रोजीं येथेंच जन्मले. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, तेव्हां राखलेल्या बारा किल्ल्यांत राजगड, तोरणा व रायगड हे तीनही होते.

ह्या इतिहासाच्या जोडीला आम्ही वहींत टाकीं मांडीत होतों. माचीवरचा तलाव, देवळाजवळचीं टाकीं, बालेकिल्ल्यावरचें चंद्रतळें, संजीवनी माचीच्या वाटेवर कडेकडेनें कोरलेलीं टाकीं. मांडतां मांडतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. जेथें भिंत आहे तेथें जवळपास टाकें आहे. सरांनीं कारण सांगितलें. टाकें खोदतांना जो दगड निघतो, तोच घडवून तटास लावतात. दगड खालून वाहून आणण्याचे श्रम वांचतात, आणि खाणीची जी पोकळी उरते तिचेंच पाण्याचें भांडें होतें. एका घावांत दोन कामें! कांहीं ठिकाणीं आंत खांब राखून कातळ पोखरलेला असतो. अशा टाक्यांतील पाणी सावलींत राहतें व उन्हानें कमी आटतें.

संजीवनी माचीचा दुहेरी तट व त्यांतील चिलखती बुरूज पाहून आम्ही थक्क झालों. एक बुरूज शत्रूनें पाडला तरी त्याच्या आंत दुसरा उभाच. ह्या बांधणीचें वर्णन करण्यास निराळा लेख हवा. आम्हांस येथें आमच्या एका अपराधाचें वर्णन करावयाचें आहे.

माचीवर एका लहानशा टाक्यापाशीं आम्ही जेवावयास बसलों. जेवण आटोपल्यावर आमच्यांतील एकानें आपला तेलकट डबा टाक्याच्या कांठावर बसून पाण्यांत विसळला. त्याचें पाहून आणखी तिघांनीं विसळला. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला. मामांनीं तें पाहिलें. ते रागावतील असें वाटलें. पण ते एक शब्दही बोलले नाहींत. त्यांनीं खांद्यावरचा पंचा काढला, त्याचें टोंक पाण्याच्या पृष्ठावर धरून तवंग टिपला, पंचा दूर नेऊन पिळला, आणि असें पांच-सहा वेळां केलें. आम्ही मुकाट्यानें पाहत उभे राहिलों. मग मामा म्हणाले, "चला, दिवस मावळाया नको." आणि आळू दरवाजानें आम्ही गडाबाहेर पडलों. रात्रीं खिंडीखालच्या एका वाडींत मुक्काम केला.

दुसरा दिवस : तोरण्याची धार

राजगड व तोरणा हे दोन गड एका लांब डोंगरधारेनें जोडलेले आहेत. पहांटे वाडींतून निघतांना मामांनीं प्रत्येकास तीन बाटल्या भरून घेण्यास सांगितलें. सकाळ थंड होती व पाठीवर ओझें नको वाटत होतें. म्हणून आमच्यांतील बहुतेकांनीं एक किंवा दोनच भरल्या. ह्यांत दोष सर्वस्वीं आमचा.

दहा वाजले आणि डिसेंबरचा वारा पडला. धारेवर झाड नाहीं. वाट क्षणांत चढे, क्षणांत उतरे. साडेअकराला पहिली बाटली कोरडी झाली आणि बाराला जवळजवळ सर्वच. समोर तोरण्याची बुधला माची दिसत होती. पण ती जवळ येत नव्हती. इतक्यांत आमच्यांतील एक मुलगा खालीं बसला. त्याच्या पायांत गोळे आले होते, तोंड पांढरें पडलें होतें आणि तो बोललेलें नीट ऐकत नव्हता. हा तोच मुलगा, ज्यानें आदल्या दिवशीं प्रथम डबा विसळला होता. सरांनीं त्यास छत्रीच्या सावलींत निजविलें व उरलेलें घोटभर पाणी त्याच्या ओठांस लाविलें. आपण कांहीं भलतेंच करून बसलों, ही जाणीव तेव्हां सर्वांच्या तोंडावर उमटली.

मामांनीं दोन मुलगे बरोबर घेतले व ते धार सोडून कारवीच्या झुडपांतून खालीं उतरले. कांहीं अंतरावर एका खडकाच्या बुडाशीं सपाट दगड आडवा ठेवलेला होता. तो सारतांच खालीं ओंजळभर आकाराचा खळगा व त्यांत स्वच्छ पाणी! शेजारीं कपारींत नारळाची करवंटी ठेवलेली होती. मामांनीं मुलांस पाण्यापासून दूर उभें केलें, स्वतः करवंटीनें पाणी काढून बाटल्या भरल्या, खळगा पुन्हां भरेपर्यंत वाट पाहिली, पुन्हां काढलें. निघतांना करवंटी कपारींत व दगड जाग्यावर ठेवला. मीठ-साखर घातलेलें तें पाणी घोट घोट पिऊन अर्ध्या-पाऊण तासांत आमचा सोबती उठून बसला.

त्यानें विचारलें, "मामा, दगड कशाला झांकतां?" मामा म्हणाले, "गुरं तोंड घालत्यात, पाला पडतो. बाळा, पानी आपलं नसतंय. मागून येनाऱ्याचं असतंय. आपल्या आधी कुनी झाकून ठेवलं म्हनून आज तुला मिळालं." डब्याचा विषय त्यांनीं तेव्हांही काढला नाहीं. काढण्याची गरज नव्हती. तो मुलगा मान खालीं घालून बसला होता, आणि त्याच्याबरोबर आम्हीही.

उघड्या डोंगराच्या कुशींत पाणी कोठून आलें, हें सरांनीं मग समजाविलें. सह्याद्रि हा साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा बनला आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही तसल्याच अग्निजन्य खडकाची. ह्या थरांत कांहीं भेगाळ व सच्छिद्र असतात, तर कांहीं घट्ट. दोन थरांच्या मधें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या मातीसारखा पातळ पट्टा असतो. पावसाचें पाणी भेगांतून मुरत खालीं येतें, घट्ट थरापाशीं अडतें आणि डोंगराच्या कडेस, जेथें तो थर उघडा पडतो तेथें, झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. भूगोलाच्या पुस्तकांत हें आम्हीं वाचलें होतें. पण ती ओळ त्या दिवशीं प्रथम कळली.

दुपारनंतर आम्ही बुधला माचीवरून तोरण्यावर चढलों. ह्याची उंची १,४०३ मीटर. विस्तारामुळें ह्यास प्रचंडगड असेंही म्हणतात. मेंगाईचें देऊळ, तोरणटाकें व खोकडटाकें पाहिलीं. ह्या वेळीं कोणीही पाण्याजवळ डबा उघडला नाहीं.

अमात्यांचा नियम

तोरणा उतरून हारपूड गांवीं मुक्काम झाला. तेथें रात्रीं सरांनीं रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ची माहिती सांगितली. शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराचा अनुभव असलेल्या ह्या मुत्सद्द्यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं हा राजनीतीचा ग्रंथ लिहिला. त्यांत दुर्गांचें प्रकरण आहे व त्यांत पाण्याविषयीं स्पष्ट नियम आहे. त्याचा भावार्थ असा : गड बांधण्यापूर्वीं तेथें पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें. पाणी नसून ती जागा बांधणें भागच असेल, तर आधीं खडक फोडून गडास पुरेल इतक्या सांठ्याचीं तळीं-टाकीं मजबूत करावीं. झरा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. कारण युद्धांत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात आणि त्याच वेळीं पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून राखीव पाणी निराळें ठेवावें व तें जपावें.

झऱ्यावर विसंबूं नये, हा नियम वाचून आम्हांस आपल्या रिकाम्या बाटल्या आठवल्या. अमात्यांनीं जें गडकऱ्यांस सांगितलें, तें मामांनीं पहांटे आम्हांस सांगितलेंच होतें.

तिसरा दिवस : मोहरी आणि दूरची इंका नगरी

हारपुडाहून मोहरीची वाट लांब, परंतु सौम्य आहे. सायंकाळीं मोहरीजवळच्या रायलिंगाच्या पठारावर गेलों. पठार एकाएकीं संपतें. समोर लिंगाण्याचा सुळका उभा, त्याच्या पाठीमागें रायगड, आणि मधें कोंकणाची खोल दरी. त्या कड्यावर कोणी ओरडलें नाहीं. सर्व पोटावर निजून पाहत राहिलों.

मुक्कामाच्या घरीं आजीबाईंनीं आम्हांस हात-पाय धुण्यास पाणी दिलें, पण मोजून. घाटमाथ्यावर पावसाळ्यांत पाणी धो धो कोसळतें. परंतु तें उतारावरून कोंकणांत व नद्यांत निघून जातें, आणि चैत्र-वैशाखांत इकडील पुष्कळ वाड्यांतील बायांना हंडे घेऊन दूरवर जावें लागतें. गडावर साडेतीनशें वर्षांपूर्वींचें टाकें भरलेलें, आणि त्याच डोंगराखालीं हंडा रिकामा! ह्याचा विचार करण्यास सरांनीं आम्हांस सांगितलें. उत्तर दिलें नाहीं.

मग शेकोटीभोंवतीं त्यांनीं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगितली. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत अँडीज पर्वतावर, सुमारे २,४३० मीटर उंचीवर, माचू पिच्चू नांवाची इंका लोकांची दगडी नगरी आहे. ती पंधराव्या शतकाच्या मध्यास पाचाकुती नांवाच्या सम्राटाच्या काळीं वसली असें मानितात. तेथें जाण्याची जी जुनी फरसबंदीची वाट आहे, ती चालण्यास आज चार दिवस लागतात. ती सुमारे ४२ किलोमीटरांची आहे. वाटाड्यावांचून तेथें कोणास जाऊं देत नाहींत. दर दिवशीं किती माणसांनीं जावें हें ठरविलेलें आहे, व वाटेच्या दुरुस्तीसाठीं दरवर्षीं फेब्रुवारींत ती बंद असते.

त्या नगरीची बांधणी अभ्यासणाऱ्या स्थापत्यज्ञांस असें आढळलें, कीं इंकांनीं डोंगराच्या कुशींतील झऱ्यापासून सुमारे ७५० मीटर लांबीचा दगडी पाट आणून त्याचें पाणी एकाखालीं एक अशा सोळा कुंडांतून खेळविलें. तेथें वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यानें नगरी खचूं नये म्हणून जमिनीखालीं दगड-खडीचे थर घालून पाणी निचरण्याची सोय केली. लोखंड नाहीं, गाडीचें चाक नाहीं. परंतु पाण्याचा विचार घराच्या आधीं. आमच्याकडे पाऊस चार महिन्यांचा, म्हणून आम्हीं टाकीं खोदलीं. त्यांच्याकडे बारमाही झरा, म्हणून त्यांनीं पाट काढला. दोन्ही लोकांनीं डोंगरास तोच प्रश्न विचारला होता.

आणखी एक गोष्ट सरांनीं सांगितली. हायरम बिंगहॅम नांवाचे अमेरिकन प्राध्यापक २४ जुलै १९११ रोजीं तेथें पोहोंचले, व त्यांनीं ही नगरी 'शोधली' असें जगभर छापून आलें. परंतु त्यांस डोंगरावर नेणारा एक स्थानिक शेतकरी होता, आणि भग्न भिंतींमधून फिरविणारा तर तेथील एक लहान मुलगा होता. त्या नगरीच्या जुन्या सोप्यांवर कांहीं कुटुंबें तेव्हांही शेती करीत होतीं. जी जागा कोणी तरी रोज नांगरतो, ती हरवलेली कशी? हें ऐकतांना आमचें लक्ष आपोआप मामांकडे गेलें. ते भिंतीस टेकून केव्हांच झोंपीं गेले होते.

नाळेनें रायगडाकडे

चौथ्या दिवशीं सिंगापूरच्या नाळेनें आम्ही कोंकणांत उतरलों. घाटमाथ्यावरून खालीं गेलेल्या दगडगोट्यांनीं भरलेल्या अरुंद घळीस इकडे नाळ म्हणतात. पावसाळ्यांत येथून पाणी उतरतें, उन्हाळ्यांत माणसें. खालीं दापोली व पुढें वारंगी हीं गांवें लागलीं. (ही दापोली रत्नागिरीकडील नव्हे.) रात्रीं रायगडाच्या पायथ्याशीं राहून पांचव्या दिवशीं पहांटे गड चढलों.

रायगडाची उंची सुमारे ८२० मीटर, म्हणजे तोरण्याहून पुष्कळच कमी; परंतु त्याच्या माथ्यावरील सपाटी एका राजधानीस पुरेशी. ६ जून १६७४ रोजीं येथें राज्याभिषेक झाला. ३ एप्रिल १६८० रोजीं येथेंच महाराज निवर्तले. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तोफा डागल्या, राजवाड्यास आग लागली आणि १० मे रोजीं गड पडला. आज बाजारपेठेचीं जोतीं, मनोरे व राजसदरेचा चौथरा एवढें उभें आहे. लांकडी होतें तें जळालें. गंगासागर मात्र भरलेला आहे, कुशावर्त आहे, कातळांतलीं टाकीं आहेत. आग पाण्याच्या भांड्यांचें कांहीं करूं शकली नाहीं.

जगदीश्वराच्या देवळापाशीं गडाच्या बांधणीचा संस्कृत शिलालेख आहे. गड बांधणारे हिरोजी इंदुलकर ह्यांचें नांव त्यांत आहे. त्यांनीं येथें काय काय निर्मिलें ह्याची यादी त्यांत दिली आहे, आणि त्या यादींत विहिरी व तलाव आधीं येतात, राजवाडे नंतर. सरांनीं अर्थ सांगितला तेव्हां आम्हीं एकदम मामांकडे पाहून म्हटलें, "आधी पानी दावतो!" मामा प्रसन्न हंसले.

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. राजगड व रायगड त्यांत आहेत; तोरणा नाहीं. माचू पिच्चू त्या यादींत १९८३ पासून आहे. यादींत नांव आल्यानें पाहणारे वाढतील, व टाक्याच्या कांठीं डबा उघडणारेही वाढतील. म्हणून पुढील वर्षीं ह्या वाटेनें जाणाऱ्या वर्गबंधूंस आमचें सांगणें असें : पाणी तीन लिटरांहून कमी घेऊं नये. भांडीं टाक्यांत विसळूं नयेत. पाणी काढून घेऊन दूर नेऊन विसळावीं. वर नेलेला कागद व प्लॅस्टिक खालीं आणावें. वाटाड्या त्याच भागांतील घ्यावा, त्याच्याशीं मेहनताना आधीं ठरवावा, आणि मग त्याचें ऐकावें.

महाडहून परतण्याच्या मोटारींत बसण्यापूर्वीं आम्हीं मामांचा निरोप घेतला. डबा विसळणारा आमचा सोबती सर्वांत मागें राहिला होता. त्यानें आपल्या पिशवींतून नवा पंचा काढून मामांच्या हातीं दिला. मामांनीं तो खांद्यावर टाकला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरविला. दोघेही कांहीं बोलले नाहींत.